लाल रंग यायला किती वेळ लागतो? स्टॉप्ड-फ्लोवरचा पहिला आठवडा

प्रॅक्टिकलला फेरिक क्षाराच्या द्रावणात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकले की रक्तासारखा लाल रंग यायचा. जर्नलमध्ये आपण 'लाल रंग मिळाला, फेरिक आयन निश्चित' असं लिहून मोकळे व्हायचो. रंग किती वेळाने मिळाला, हे ना सरांनी विचारलं ना आपल्याला सुचलं. थेंब पडला की रंग आला, संपलं.

तो लगेच येत नाही. पुरेशा आम्लयुक्त द्रावणात १० मिलिमोलर लोह असेल, तर निम्मा रंग चढायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. टेस्टट्यूब हलवायलाच आपल्याला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून आपल्याला तो 'लगेच' वाटतो. आपण रंग येण्याचा वेळ मोजत नव्हतो, स्वतःच्या ढवळण्याचा मोजत होतो.

स्टॉप्ड-फ्लो हे यंत्र या ढवळण्याचा वेळ एक-दोन मिलिसेकंदांवर आणतं. पण ढवळण्याचा वेळ संपत नाही, फक्त लहान होतो, आणि यंत्रावर नवीन बसलेल्या माणसाच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. म्हणून या लेखात तुमच्या प्रोजेक्टमधलं महागडं एन्झाइम बाजूला ठेवू आणि पहिला आठवडा त्याच लाल रंगावर घालवू. उत्तर आधीच माहीत असलेल्या अभिक्रियेवर हात बसला की मग तुमचं काम सुरू करा.

यंत्राच्या पोटात काय चालतं

दोन सिरिंज शेजारी शेजारी उभ्या असतात. एका पट्टीने दोघींचे दट्टे एकदम ढकलले जातात. पट्टीला जोर मिळतो दाबाच्या नायट्रोजनचा किंवा मोटरचा. दोन्ही द्रावणं मिक्सरमध्ये येऊन एकमेकांवर आदळतात. (घरच्या मिक्सरसारखं इथे काही फिरत नाही, फक्त बारीक भोकं आणि वेग.) मिसळलेलं द्रावण पुढे सेलमध्ये जातं, जिथून प्रकाश आरपार जातो. सेलमधून बाहेर पडणारं द्रावण तिसऱ्या सिरिंजचा दट्टा मागे ढकलतं. तो दट्टा ठोकळ्यावर आपटला की प्रवाह थांबतो आणि त्याच क्षणी द्रावण किती प्रकाश शोषतं याची नोंद सुरू होते. काही यंत्रांत तिसऱ्या सिरिंजऐवजी झटकन बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. काम तेच.

प्रवाह चालू असताना खिडकीसमोर सतत ताजं द्रावण येत राहतं. मिक्सरपासून खिडकीपर्यंतची जागा १० मायक्रोलिटर आणि प्रवाह सेकंदाला १० मिलिलिटर असेल, तर खिडकीसमोरच्या द्रावणाचं वय कायम १ मिलिसेकंद. वय वाढतच नाही, म्हणून आलेख सपाट. प्रवाह थांबला की तेच द्रावण जागच्या जागी म्हातारं होऊ लागतं, आणि आपण ते म्हातारपण टिपतो. सुरुवातीचा तो १ मिलिसेकंद मात्र आपल्या नजरेआड गेलेला असतो. याला डेड टाइम म्हणतात.

आधी थांबवायची सोयच नव्हती. १९२३ मध्ये केंब्रिजला हार्टरिज आणि रफ्टन यांनी हिमोग्लोबिनवर काम करताना प्रवाह अखंड चालू ठेवला आणि नळीवर वेगवेगळ्या अंतरांवर बघितलं. जितकं अंतर लांब तितकं द्रावणाचं वय जास्त. डोकं अफाट, पण खर्च लिटरांत. १९४० च्या सुमारास फिलाडेल्फियात ब्रिटन चान्स यांनी उपकरण लहान केलं, थोड्याशा द्रावणात भागवलं, आणि १९४३ मध्ये पेरॉक्सिडेज एन्झाइम आणि त्याचा सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) यांची मधली जोडगोळी प्रत्यक्ष दाखवली. पुढे क्वेंटिन गिब्सन यांनी हे तंत्र रोजच्या वापराइतकं भरवशाचं केलं. आज आपण एका शॉटला, म्हणजे पट्टी एकदा ढकलायला, प्रत्येक सिरिंजमधून जेमतेम १०० मायक्रोलिटर वापरतो, त्यामागे ही सगळी काटकसर आहे.

तुमच्या अभिक्रियेला हे यंत्र हवंच का?

आधी साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर क्युव्हेटमध्ये हाताने मिसळून बघा. झाकण लावेपर्यंत १० सेकंद जातात. अर्धायुकाल, म्हणजे अभिक्रिया निम्मी व्हायला लागणारा वेळ, मिनिटाच्या वर असेल तर स्टॉप्ड-फ्लोच्या वाटेला जाऊ नका. क्युव्हेट ठेवेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, तर इथे या. आणि अर्धायुकाल मिलिसेकंदाच्याही खाली असेल तर हे यंत्रही हात टेकतं. तिथे मिसळणंच सोडून द्यावं लागतं: समतोलात असलेल्या द्रावणाला तापमानाचा अचानक धक्का द्यायचा आणि ते पुन्हा समतोलात कसं येतं ते बघायचं. मानफ्रेड आयगेन यांना १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा याच वाटेच्या कामासाठी मिळाला.

आदल्या दिवशीची तयारी

निम्मं काम इथे होतं.

दोन्ही द्रावणांसाठी ०.२ मोलर नायट्रिक आम्लाचंच पाणी घ्या. फेरिक नायट्रेट वापरा, क्लोराइड नको. क्लोराइड स्वतःच लोहाला चिकटतं आणि हिशेब बिघडवतं. आम्ल का, तर ते नसेल तर लोहाला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूतून एक प्रोटॉन सुटतो. हे हायड्रॉक्सी रूप थायोसायनेटशी साध्या लोहापेक्षा शंभरेक पट वेगाने जोडलं जातं. आम्लता थोडी हलली की तुमचा वेगही हलतो. दोन दिवसांचे आकडे जुळेनात, तर आधी आम्लाची बाटली तपासा.

थायोसायनेट ०.४ मिलिमोलर, त्याच दिवशी बनवलेलं. लोह १०, २०, ४०, ६० आणि ८० मिलिमोलर अशा पाच बाटल्यांत. लोह वाढलं की आयनिक स्ट्रेंग्थ, म्हणजे द्रावणातल्या आयनांचा एकूण जोर, वाढते, म्हणून जिथे लोह कमी तिथे सोडियम नायट्रेट जास्त घालून सगळ्या बाटल्या एका पातळीवर आणा.

आता एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: सिरिंजमधली संहती आणि सेलमधली संहती एक नसते. समान भागात मिसळलं की दोन्ही निम्म्या होतात. ८० चे ४० होतात, ०.४ चे ०.२. मी माझ्या पहिल्या महिन्यात सिरिंजमधले आकडे तसेच आलेखावर टाकले. वेगस्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणारा आकडा) बरोबर निम्मा आला. मी तीन दिवस तापमानाला दोष देत बसलो, वॉटर बाथचा थर्मामीटरसुद्धा बदलला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईने वही उघडून फक्त एवढंच विचारलं, "अरे, हे मिसळायच्या आधीचे की नंतरचे?" तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक तक्त्याला दोन रकाने असतात.

लोहाची संहती थायोसायनेटच्या कितीतरी पट ठेवली आहे, ती मुद्दाम. कमीत कमी दहापट तरी हवीच. मग अभिक्रिया चालू असताना लोह जवळपास आहे तेवढंच राहतं आणि आलेख साधा एक्स्पोनेन्शियल येतो, म्हणजे आधी झपाट्याने चढून मग मंदावत सपाट होणारा.

द्रावणं गाळून घ्या आणि व्हॅक्यूमखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवून त्यांतली हवा काढा. फ्रिजमधून काढलेली बाटली थेट यंत्राला लावू नका. थंड पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. ते २५ अंशांवर आलं की बुडबुडे सुटतात, आणि ते नेमके सेलमध्ये सुटतात.

सिरिंज भरणं

झेनॉनचा दिवा असेल तर तो सगळ्यात आधी लावा, बाकीची इलेक्ट्रॉनिक्स नंतर; पेटताना तो विजेचा जोरदार झटका सोडतो. दिवा स्थिरावायला अर्धा तास द्या. वॉटर बाथही तेव्हाच सुरू करा.

सिरिंज भरताना दट्टा सावकाश ओढा. जोरात ओढला की आत पोकळी तयार होते आणि हवा सुटते. थोडं भरा, बाटलीकडे परत ढकला, पुन्हा भरा, असं तीन-चार वेळा. सिरिंजच्या काचेवर टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि बाहेर घालवा. मोहरीएवढा बुडबुडाही चालत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणजे पट्टी ढकलली की बुडबुडा आधी चेपतो आणि प्रवाह थांबल्यावर फुगतो. प्रवाह थांबलाय असं तुम्हाला वाटतं, पण द्रावण सेलमध्ये अजून सरकत असतं.

भरून झालं की पाच-दहा मिनिटं शांत बसा. बाथचा आकडा २५ असला तरी काचेतलं द्रावण २५ वर यायला वेळ लागतो.

शॉट

पहिला शॉट लोह-थायोसायनेटचा मारू नका, हात कितीही शिवशिवले तरी. आधी आम्ल विरुद्ध आम्ल मारा. आलेख सपाट यायला हवा. नसेल, तर जे काही हलतंय ते यंत्राचं आहे, रसायनाचं नाही. मग लोह विरुद्ध आम्ल. मग थायोसायनेट विरुद्ध आम्ल. हे तिन्ही सपाट आले की पुढे. या शॉट्सना लोक 'वाया घालवलेले' म्हणतात. माझ्या मते यांच्याशिवाय आलेला एकही आलेख वहीत चिकटवू नये, कारण तो कशाचा आहे हे तुम्ही सांगूच शकत नाही.

आता खरी जोडी, ४६० नॅनोमीटरवर. द्रावण बदललं की पहिले तीन-चार शॉट टाकून द्यायचे. नळ्यांत आधीचं द्रावण उरलेलं असतं. तेही नजर ठेवून टाका: प्रत्येक शॉटला आलेखाची उंची थोडी बदलते आणि मग एका जागी स्थिरावते. स्थिरावली की मोजणी सुरू.

किती वेळ नोंद करायची? अर्धायुकालाच्या आठ-दहा पट. लाल रंगासाठी ३ सेकंद पुरे. वेळ कमी घेतला तर आलेख शेवटी सपाट होतच नाही आणि फिटला (आलेखावर गणिती वक्र बसवताना) शेवटची पातळी अंदाजाने ठरवावी लागते. इलेक्ट्रॉनिक फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट अर्धायुकालाच्या दहाव्या भागाहून लहान ठेवा. फिल्टर वाढवला की आलेख गुळगुळीत, देखणा दिसतो. त्या देखणेपणाला भुलू नका. फिल्टर फार मोठा असेल तर तुम्ही फिल्टरचा वेग मोजत असता.

प्रत्येक संहतीला पाच-सहा चांगले शॉट घ्या. एकमेकांवर टाकून बघा, बसतात का. बसत असतील तरच सरासरी काढा. सहांतला एक वेगळा दिसला तर त्याला सरासरीत लपवू नका, कारण शोधा.

आलेख बिघडला की काय समजायचं

मधेच टोकदार काटा किंवा अचानक उडी: बुडबुडा किंवा धूळ. एका शॉटचा वेग पुढच्याशी जुळत नाही: तेच, किंवा एखादी सिरिंज अडकते आहे, म्हणजे दोन्ही द्रावणं समान येतच नाहीत. हे ओळखायला सोपी युक्ती: एका सिरिंजमध्ये रंगीत द्रावण, दुसरीत पाणी. दहा शॉट मारा. शोषण दर वेळी बरोबर निम्मं आलं पाहिजे.

पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत थरथर: दट्टा ठोकळ्यावर आपटल्याचा दणका. एवढा भाग फिटमधून वगळा. आलेख खरोखर एकच एक्स्पोनेन्शियल असेल तर सुरुवात थोडी कापल्याने वेगस्थिरांक बदलत नाही, फक्त उंची बदलते.

सुरुवातीला विचित्र लाट, आणि एका सिरिंजमध्ये डीएमएसओ हे विद्रावक, ग्लिसरॉल किंवा दाट मीठ असेल तर: साखरेचा पाक पाण्यात सोडल्यावर पाण्यात रेघा हलताना दिसतात ना, तेच सेलमध्ये चाललंय. दोन द्रवांचा अपवर्तनांक वेगळा, प्रकाश वाकडातिकडा होतो. डीएमएसओ तर पाण्यात मिसळताना गरमही होतं. उपाय एकच, तेवढंच डीएमएसओ दुसऱ्या सिरिंजमध्येही घाला.

दोन-तीन मिनिटांच्या नोंदीत शेवटी हळूहळू सरकणारी रेघ: मिक्सरकडून ताजी द्रावणं पसरत सेलमध्ये येताहेत, किंवा कुठेतरी सूक्ष्म गळती आहे. याला 'मंद दुसरा टप्पा' असं नाव देऊन प्रबंधात घालणारे लोक मी पाहिलेत. फ्लुओरेसन्सवर काम असेल तर तिसरी शक्यता, तीव्र प्रकाशाने तुमचा रंगद्रव्याचा रेणूच मरतोय. दिव्याची तीव्रता निम्मी करा. 'टप्पा' मंदावला तर तो रसायनाचा नव्हता.

फिट

सॉफ्टवेअर एका बटणावर फिट करून देतं. आकड्याआधी रेसिड्युअल बघा, म्हणजे आलेख आणि फिट यांच्यातला फरक. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेला हवा. त्यात लाट दिसली तर मॉडेल चुकलंय. लगेच दुसरा एक्स्पोनेन्शियल घालायचा मोह होतो, पण आधी वरच्या बिघाडांची यादी तपासा. घातलेल्या प्रत्येक एक्स्पोनेन्शियलला रसायनातलं नाव देता आलं पाहिजे.

एका संहतीच्या फिटमधून जो वेगस्थिरांक मिळतो त्याला सगळे के-ऑब्ज म्हणतात. पाच के-ऑब्ज उभ्या अक्षावर, सेलमधली लोहाची संहती आडव्या अक्षावर. सरळ रेघ यायला हवी. तिचा उतार म्हणजे जोडणीचा वेग, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो सुटण्याचा वेग. या आम्लतेत २५ अंशांना उतार (प्रति मोलर, प्रति सेकंद) साधारण दोनशेच्या घरात येतो, सुटण्याचा वेग सेकंदाला एक-दोन. रेघ शून्याच्या खाली छेदत असेल तर संहतीचा हिशेब चुकलाय. सुटण्याचा वेग ऋण असू शकत नाही.

मला या प्रयोगात सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. उतार भागिले छेद केलं की समतोल स्थिरांक मिळतो. तोच स्थिरांक आलेखांच्या शेवटच्या उंचीवरूनही काढता येतो, कारण लोह वाढवलं की अखेरचा लाल रंग किती गडद होतो हे समतोलावर ठरतं. वेगातून आलेला आकडा आणि उंचीतून आलेला आकडा, दोन्ही शंभर-दीडशेच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ आले, तर तुमची सिरिंज, तापमान, संहती, सगळं एकदम तपासून झालं.

तुमच्या यंत्राचा डेड टाइम

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा नव्या यंत्राचा, आदर्श परिस्थितीतला असतो. तुमचा तुम्ही मोजा. यासाठी डीसीआयपी हा रंग आणि ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व. आम्लयुक्त द्रावणात रंग ५२४ नॅनोमीटरवर बघतात. ॲस्कॉर्बिक आम्ल त्याला रंगहीन करतं, आणि ते जितकं जास्त तितकं लवकर.

ॲस्कॉर्बिक आम्ल वाढवत जा. वेग वाढतो आणि दिसणारी उंची घटत जाते, कारण वाढता हिस्सा नजरेआड होतो. हिशेब करून बघा: डेड टाइम १.५ मिलिसेकंद असेल, तर के-ऑब्ज सेकंदाला १०० असताना १४ टक्के अभिक्रिया दिसण्याआधीच झालेली असते. ५०० असताना ५३ टक्के. १००० असताना ७८ टक्के. उंचीचा नैसर्गिक लॉग के-ऑब्जसमोर मांडला की उतरती रेघ मिळते. तिचा उतार, ऋण चिन्ह सोडून, म्हणजे तुमचा डेड टाइम. दर काही महिन्यांनी हे करा. आकडा वाढला असेल तर मिक्सरमध्ये काहीतरी अडकलंय.

हाच डीसीआयपी अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजायला ब्युरेटमधून थेंबाथेंबाने घालतात. तिथे अडचण ही, की रसातले इतर क्षपणकही सावकाश रंग घालवतात आणि अंतिम बिंदू सरकतो. स्टॉप्ड-फ्लोवर पहिल्या काही क्षणांचा उतार पकडला, तर वेगवान ॲस्कॉर्बिक आम्ल आपला हिशेब देऊन मोकळं होतं आणि मंद मंडळी अजून दारातही आलेली नसतात. विश्लेषण करणाऱ्यांना या यंत्राचं आकर्षण यासाठी आहे. अभिक्रिया संपायची वाट बघायची नाही. माहीत असलेल्या संहतींवर सुरुवातीच्या वेगाची रेघ आखून घ्यायची आणि नमुन्याचा वेग तिच्यावर वाचायचा.

संध्याकाळी

लोह वापरलेल्या नळ्या आधी साध्या पाण्याने धुऊ नका. पाणी गेलं की आम्ल पातळ होतं आणि लोह तपकिरी हायड्रॉक्साइड होऊन सेलच्या काचेवर बसतं. दुसऱ्या दिवशी आम्ल विरुद्ध आम्लची रेघ सकाळपासूनच तिरकी. आधी ०.२ मोलर आम्लाचे दहा-बारा शॉट, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी थोडं इथेनॉल. वेस्टची बाटली वेगळी ठेवा, आणि थायोसायनेटच्या वेस्टमध्ये ब्लीच किंवा तीव्र आम्ल कधीही ओतू नका, विषारी वायू सुटतो. मग दिवा बंद, पण त्याचा पंखा आणखी काही वेळ चालू, आणि वॉटर बाथचं पाणी किती उरलंय ते बघून घरी.